प्रमाण मराठी: एका रचलेल्या भाषेचे उच्चार, भाषक आणि बोली

कृत्रिम भाषा म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना परदेश तरी आठवतो, नाहीतर चित्रपट. झामेनहोफने १८८७ साली जगापुढे ठेवलेली एस्पेरांतो, टोल्कीनने आपल्या कादंबऱ्यांतील काल्पनिक वंशांसाठी घडवलेल्या भाषा, किंवा अलीकडची, 'बाहुबली' (२०१५) या चित्रपटातील कालकेय टोळीसाठी तयार केलेली किलिकी. अशा भाषेचा परिचय करून देण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी तिचे ध्वनी सांगायचे, मग तिचे भाषक कोण ते सांगायचे आणि शेवटी तिच्या बोली. या तीन प्रकरणांची ही चौकट आपल्या अगदी परिचयाच्या एका भाषेला लावून पाहावी, असा या लेखाचा उद्देश आहे. ती भाषा पुण्यात रचली गेली, पुण्यात तपासली गेली आणि आजही तिचे मोजमाप पुण्यातच होते असे मानले जाते. तिचे नाव प्रमाण मराठी.

'रचलेली' हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाही. छापील व्यवहार, न्यायालय, शाळा, वृत्तपत्र यांना एक स्थिर लेखी रूप लागते आणि ते कोणीतरी घडवावेच लागते. माझा आक्षेप घडवण्याला नाही. घडवलेली वस्तू निसर्गसिद्ध आहे, तीच मूळ आहे आणि बाकीच्या साऱ्या मराठी या तिच्या बिघडलेल्या प्रती आहेत, असे आपण विद्यापीठीय वर्गातून आजही शिकवतो, त्याला माझा आक्षेप आहे. हे भाषाविज्ञानाच्या दृष्टीने असत्य आहे, इतिहासाच्या दृष्टीने असत्य आहे, आणि त्याची किंमत आपण मोजत नसून आपले विद्यार्थी मोजत आहेत.

प्रथम रचनेचा इतिहास. मराठीचे पहिले छापील व्याकरण १८०५ साली निघाले, ते महाराष्ट्रात नव्हे तर बंगालमध्ये, सेरामपूरला. कर्ते विल्यम कॅरी आणि त्यांना साहाय्य वैजनाथ पंडितांचे. मुंबई इलाख्यात सत्ता स्थिर झाल्यावर शासनाला कारभारासाठी आणि शाळांसाठी एकच एक मराठी हवी झाली. पंडितांच्या मंडळाकडून 'महाराष्ट्र भाषेचा कोश' १८२९ पासून छापला जाऊ लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चे. त्याचा सांगाडा एका बाजूने संस्कृत व्याकरणाचा, तर दुसऱ्या बाजूने लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. मेजर थॉमस कँडी यांनी १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश दिला, १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली, आणि पुढे वर्षानुवर्षे शालेय पुस्तकांची मराठी त्यांच्या नजरेखालून गेली. आपण ज्या स्वल्पविरामाने आणि अर्धविरामाने विद्यार्थ्यांच्या वाक्याचा श्वास मोजतो, ती चिन्हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या लेखनात रुजवली आहेत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण मग 'अनादि', 'शुद्ध', 'मूळ' ही विशेषणे तरी जपून वापरावीत.

ही रचना विसाव्या शतकातही चालूच राहिली. १९६२ साली साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. त्याच सुमारास शासनाने पदनामकोश काढून अधिकाऱ्यांची नावेसुद्धा घडवून दिली. म्हणजे या भाषेला कर्ते आहेत, तारखा आहेत, समित्या आहेत, ठराव आहेत. एस्पेरांतोला याहून वेगळे काय आहे?

आता पहिले प्रकरण, ध्वनींचे. प्रमाण मराठीची वर्णमाला पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलाला आपण शाबासकी देतो. त्या वर्णमालेत 'ऋ' आहे, त्याचा उच्चार मराठी माणूस 'रु' असा करतो. 'ष' आहे, त्याचा उच्चार 'श' पासून वेगळा ठेवणारा माणूस घनपाठ्यांच्या बाहेर शोधावा लागेल. 'ऌ' आहे, तो 'क्लृप्ती' या शब्दासाठी राखून ठेवलेला आहे आणि तेथेही त्याचा उच्चार 'लृ' की 'लु' याविषयी मतभेद आहेत. 'ज्ञ' आहे, तो आपण 'द्न्य' असा उच्चारतो आणि 'ज्ञ' असा लिहितो.

याउलट जे ध्वनी प्रत्येक मराठी तोंडात आहेत त्यांना या वर्णमालेत जागा नाही. 'चार' या संख्येतला च आणि गुरांच्या 'चारा'तला च हे दोन वेगळे ध्वनी आहेत. 'हे जग' मधला ज आणि 'सुखाने जग' या आशीर्वादातला ज वेगळे आहेत, आणि येथे तर केवळ त्या भेदावर अर्थ बदलतो. 'माझा' आणि 'माझी' यांत लिंग बदलताच झ बदलतो. दंततालव्य च, ज, झ हे मराठीचे खास वैशिष्ट्य म्हणून आपण परीक्षेत टीप लिहायला सांगतो, पण त्यांना अक्षर देत नाही. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वरांत रीतसर स्थान दिले, कारण 'बॅट' आणि 'बॉल' लिहायचे होते. ते योग्यच झाले. परंतु इंग्रजी शब्दांसाठी ज्या भाषेला दोन नवी अक्षरे परवडतात, तिला स्वतःच्या तोंडातल्या तीन ध्वनींसाठी एखादा नुक्ता परवडत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट याहून गंभीर आहे. शुद्धलेखनाच्या ज्या चुकांखाली लाल शाई ओढली जाते, त्यांतल्या बहुसंख्य चुका इ-ई आणि उ-ऊ यांच्या असतात. मराठी बोलण्यात हा भेद अर्थभेदक नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' या जोड्या पुरावा म्हणून पुढे केल्या जातात, पण या जोड्या मुळात संस्कृत शब्दांवर उभ्या आहेत आणि बोलताना त्यांचा अर्थ संदर्भाने कळतो, स्वराच्या लांबीने नव्हे. म्हणजे कान ज्याची साक्ष देत नाही असा भेद मुलाने डोळ्यांनी पाठ करायचा, आणि तो चुकला की त्याची 'भाषा कच्ची' ठरवायची. कच्ची काय होती? त्याची संस्कृत व्युत्पत्ती. तीही कोणी शिकवलेली नव्हतीच.

अनुस्वाराचे उदाहरण तर मासलेवाईक आहे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि लेखन पुष्कळ सुटसुटीत झाले. प्रश्न एवढाच की 'अनुच्चारित' म्हणजे कोणाच्या तोंडी अनुच्चारित? कुडाळपासून गोव्यापर्यंत कोकणपट्टीतल्या बोलण्यात नाकातले स्वर आजही जिवंत आहेत. तेथल्या माणसाच्या दृष्टीने तो अनुस्वार उच्चारितच होता. देशावर त्याचा उच्चार गळून पडला होता, म्हणून तो साऱ्या मराठीत गळून पडला असे ठरले. आणि गंमत अशी की त्याच नियमांनी 'मुलांना', 'लोकांनी' यांवरचा अनुस्वार मात्र राखला, कारण तेथे अनेकवचन दाखवायचे होते. नित्याच्या बोलण्यात तोही पुष्कळदा ऐकू येत नाही. एके ठिकाणी उच्चाराचा हवाला द्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणी व्याकरणाचा. रचलेल्या भाषेत हे चालते, कारण तेथे निर्णय समितीने घ्यायचा असतो. पण मग त्याला 'मराठीची प्रकृती' म्हणू नये.

आणि ते प्रसिद्ध 'पाणी' आणि 'पानी'. ज्याच्या तोंडून 'ण'च्या जागी 'न' निघतो तो अडाणी, हा आपला सर्वांत जुना आणि सर्वांत निर्लज्ज निकष आहे. संस्कृतच्या नावाने शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा मूळ शब्द पाहावा. तो 'पानीय' आहे. त्यात 'न' आहे. 'ण' ही प्राकृताची देणगी. तसेच 'फळ'चे मूळ 'फल' आहे, आणि आगरी बोलीत ळ चा ल होतो तेव्हा तो योगायोगाने संस्कृताजवळच जातो. अर्थात यावरून आगरी बोली अधिक शुद्ध ठरते असे मला म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते इतकेच की 'शुद्ध' हा निकष ध्वनीचा नव्हताच. तोच 'पानी' हिंदी गाण्यात आला की आपल्याला गोड लागतो. उरणच्या किंवा पनवेलच्या मुलीने वर्गात म्हटला की मागच्या बाकांवर हसू फुटते. ध्वनी एकच आहे, बोलणारे तोंड वेगळे आहे.

दुसरे प्रकरण, भाषकांचे. प्रमाण मराठी ही कोणाची मातृभाषा आहे? ठराविक उत्तर येते: पुण्याची, त्यातही पुण्याच्या ब्राह्मणांची. प्रमाण मराठीचे समर्थक हे अभिमानाने सांगतात, विरोधक संतापाने सांगतात, आणि हे उत्तर अर्धेच खरे आहे. पुण्यातल्या सुशिक्षितांचे बोलणे हा या रचनेचा पाया होता, हे निर्विवाद. पण पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या चित्पावनांची घरची स्वतंत्र बोली होती, चित्पावनी. ती पुण्यात लोपली. कोकणात आणि गोव्यात ती काही घरांतून टिकून राहिली. म्हणजे ज्यांच्या नावावर ही भाषा मांडली जाते, त्यांच्यातल्या एका मोठ्या गटाने ती आपली मूळ बोली टाकून स्वीकारलेली आहे. वारसाहक्काने मिळालेले घर म्हणून जे दाखवले जाते, ते दोनअडीच शतकांपूर्वी भाड्याने घेतलेले होते.

शिवाय 'पुण्याची' म्हणजे कोणत्या पुण्याची? जोतीराव फुले १८२७ साली जन्मले आणि त्यांचे सारे कर्तृत्व याच शहरात घडले. शाळा त्यांनी पुण्यात काढल्या, ग्रंथ पुण्यात लिहिले. पुण्याची भाषा हीच प्रमाण असती तर फुल्यांची भाषाही प्रमाणच ठरायला हवी होती. प्रत्यक्षात काय झाले ते आपण एम. ए.ला शिकवतोच. 'गुलामगिरी' १८७३ साली आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून फुल्यांवर जो हल्ला केला, त्यात व्याकरण आणि भाषा यांची टवाळी हे एक प्रमुख हत्यार होते. त्याच निबंधमालेची सुरुवात मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीविषयीच्या चिंतेने झालेली आहे. म्हणजे इंग्रजीच्या आक्रमणापासून ज्या मराठीला वाचवायचे होते, त्या मराठीत फुल्यांची मराठी धरलेली नव्हती. विचाराला उत्तर देण्याऐवजी विभक्तिप्रत्यय तपासण्याची ही रीत तेव्हा पडली आणि ती अजून मोडलेली नाही.

आणखी पुढे जाऊन मी म्हणेन की ही भाषा आज सदाशिव पेठेतही कोणी बोलत नाही. मी हा लेख ज्या मराठीत लिहितो आहे तीत 'केले', 'झाले', 'असे', 'तसे' आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्या घरात कोणी असे बोलते? पुण्यातही 'केलं', 'झालं', 'असं' हेच ऐकू येते. लेखननियमांनीही पात्रांच्या बोलण्यापुरती ही रूपे मान्य केली आणि इतर लेखनात ती टाळायला सांगितली. म्हणजे नियमकर्त्यांना हे ठाऊकच होते की आपण बोलतो एक आणि लिहितो दुसरे. हे सांगणे महत्त्वाचे अशासाठी, की मग विद्यार्थी-विद्यार्थ्यांमधला फरक केवळ अंतराचा उरतो. एकाला घरापासून या भाषेपर्यंत दोन पावले चालावी लागतात, दुसरीला वीस. पण चालावे दोघांनाही लागते. दोन पावले चालणारा स्वतःला मूळ रहिवासी समजतो, एवढेच. एस्पेरांतो घरात ऐकत वाढलेली मुले जगात आहेत, ती त्यांची जन्मभाषा मानली जाते. छापील प्रमाण मराठीला तेवढेही भाग्य लाभलेले नाही.

तिसरे प्रकरण बोलींचे, आणि खरी गफलत येथे आहे. आपल्या अभ्यासक्रमांतून 'प्रमाण मराठी आणि तिच्या बोली' असा घटक असतो. त्या 'तिच्या' या सर्वनामात सारे खोटे इतिहासलेखन सामावलेले आहे. झाडाला फांद्या फुटाव्यात तशा प्रमाणभाषेला बोली फुटल्या, असे चित्र मुलाच्या मनात उभे राहते. हे कालक्रमाने तपासून पाहू. तंजावरला मराठ्यांची सत्ता व्यंकोजीराजांपासून, म्हणजे १६७० च्या दशकापासून. त्यांच्याबरोबर गेलेल्यांची मराठी तेव्हापासून तमिळांच्या शेजारी नांदते आहे. दादोबांच्या व्याकरणाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी जी घरे दक्षिणेत स्थायिक झाली, त्यांची भाषा प्रमाण मराठीची 'पोटभाषा' कशी होईल? नात आजीच्या आधी जन्मत नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांतली मराठी, बेने इस्रायलींची मराठी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली या साऱ्यांची हीच स्थिती आहे. त्या आधी होत्या, रचना नंतर झाली. खुद्द आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' (सुमारे १२७८) रिद्धपूरच्या परिसरातला, म्हणजे वऱ्हाडातला. पुण्याचा त्याच्याशी संबंध हस्तलिखिते जपणाऱ्या संस्थांपुरता.

'बोली' ही संज्ञा किती राजकीय आहे याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कोकणी ही मराठीची बोली, हे आपल्या विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध केले. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र भाषा मानले, गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ साली झाला, आणि १९९२ साली ती आठव्या अनुसूचीत गेली. या सतरा वर्षांत कोकणीचे ध्वनी बदलले नाहीत, प्रत्यय बदलले नाहीत. बदलले ते तिच्या भाषकांचे संघटन. अहिराणीकडे पाहा. आपण तिला मराठीची बोली म्हणून शिकवतो, तर जनगणना तिला 'खानदेशी' या वेगळ्या भाषेखाली मोजते, आणि २०११ साली त्या शीर्षकाखाली सुमारे १८.६ लाख भाषक नोंदले गेले. दोन्ही वर्गीकरणे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, पण विद्यार्थ्याला या वादाची कुणकुणही लागू दिली जात नाही. त्याला फक्त 'मले-तुले', 'माका-तुका' यांची एक यादी पाठ करायला दिली जाते, जणू 'मला-तुला' हे माप आहे आणि बाकीची त्या मापाने कमीजास्त भरलेली धान्ये.

याच मापाने कोल्हापूरकडच्या बाईचे 'मी जातो', 'मी आलो' हे व्याकरणदृष्ट्या चूक ठरते. वास्तविक तिच्या बोलीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीला तो भेद नाही म्हणून इंग्रजी चूक ठरत नाही. पण कोल्हापूरच्या विद्यार्थिनीने पुण्यात येऊन 'मी आलो' म्हटले की तिच्या स्त्रीत्वापासून संस्कारापर्यंत सर्वांवर विनोद होतात.

हे अज्ञान ज्ञानाच्या अभावामुळे आहे असे म्हणायलाही जागा नाही. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण कानडातील कोकणी, कुडाळी, महाडकडची कुणबी अशा बोलींची वर्णने क्रमाने प्रसिद्ध केली. ना. गो. कालेलकरांनी भाषेच्या इतिहास-भूगोलावर मराठीत इतक्या सुबोधपणे लिहिले की अज्ञानाला सबबच उरू नये. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटण या एकाच गावातील भाषाभेदांवर प्रबंध लिहिला. अरुण जाखडे यांनी संपादलेला लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ साली पुण्यातच छापला गेला. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून बोलींचे ध्वनिमुद्रण केले आहे आणि ते सर्वांना ऐकण्यासाठी खुले आहे. येरवड्यात, म्हणजे विद्यापीठापासून काही मैलांवर, हे सारे उपलब्ध असताना मराठीचा पदव्युत्तर वर्ग जुन्या टिपणवहीतली 'माका-तुका'ची यादी उतरवून घेत असेल, तर दोष कोणाचा?

साहित्याच्या वर्गातही हेच चालते, फक्त अधिक गोड शब्दांत. बोलीतल्या साहित्याविषयी बोलताना आपल्या समीक्षेजवळ दोनच शब्द आहेत: 'गोडवा' आणि 'रांगडेपणा'. आपल्या ग्रामीण कथेत बराच काळ निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत अशी वाटणी होती. म्हणजे विचार करणारा एका भाषेत, आणि ज्याच्याविषयी विचार करायचा तो दुसऱ्या भाषेत. आनंद यादवांनी 'गोतावळा'त (१९७१) नारबाच्याच तोंडी सबंध कादंबरी दिली, तेव्हा ही वाटणी मोडली. बोली संवादाच्या अवतरणचिन्हांतून बाहेर पडून एक अख्खे मन तोलू शकते, हे तेथे सिद्ध झाले. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) तर मराठी वाचकाला उलट्या बाजूने शब्दकोशाची गरज भासवली. आपल्याच शहरी मराठीतले शब्द आपल्याला कळत नाहीत, हे वाचकाला कबूल करावे लागले. या कलाकृतींना पन्नास वर्षे उलटून गेली. आपण त्या नेमतो, त्यांवर दहा गुणांचे प्रश्न काढतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने नारबाच्या भाषेत लिहिले तर त्याला नापास करतो.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. तो भाषाशुद्धीवाल्यांचा नाही, तर वंचितांच्या बाजूने मांडला जाणारा आहे. प्रमाणभाषा ही शिडी आहे, ती काढून घेतलीत तर खालचा माणूस खालीच राहील. डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांतून जी मराठी लिहिली ती प्रमाण वळणाची, धारदार आणि प्रतिपक्षाला त्याच्याच अंगणात गाठणारी होती. हे मला पूर्णपणे मान्य आहे. ज्याला न्यायालयात अर्ज करायचा आहे, स्पर्धापरीक्षा द्यायची आहे, संपादकाशी भांडायचे आहे, त्याला ही लेखी मराठी उत्तम यायलाच हवी, आणि ती शिकवण्यात हयगय करणारा शिक्षक मुलांचा शत्रू आहे. पण शिडी आहे म्हणूनच ती शिडीसारखी शिकवावी. शिडीची पूजा कोणी करत नाही, आणि जो अजून पहिल्या पायरीवर आहे त्याचे पाय अशुद्ध आहेत असेही कोणी म्हणत नाही. परकी भाषा शिकवताना आपण चुकीला चूक म्हणतो, माणसाला हलका म्हणत नाही. प्रमाण मराठी ही प्रत्येकाने कमीअधिक प्रमाणात परकी म्हणूनच शिकायची असते, एवढे मान्य केले तरी वर्गातले वातावरण बदलेल.

'रचायचीच तर दुसरी कशी रचणार होता?' असाही प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. पुण्या-मुंबईत व्याकरणे आणि कोश तयार होत होते त्याच काळात नॉर्वेत ईव्हार ओसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा खेड्यांतून पायी हिंडत बोली गोळा करत होता. राजधानीतल्या डॅनिश वळणाच्या सुशिक्षित भाषेला प्रमाण न मानता त्याने खेड्यांच्या बोलींतून एक लेखी भाषा उभी केली. त्याचे व्याकरण १८४८ चे, कोश १८५० चा. १८८५ साली त्या भाषेला शासकीय पातळीवर समान दर्जा मिळाला. आज ती लिहिणारे अल्पसंख्य आहेत, हे खरे, आणि तिचे अनुकरण करून महाराष्ट्राने दुसरी प्रमाणभाषा काढावी असेही मी म्हणत नाही. पण रचनाकारांपुढे पर्याय होते, आपल्याकडे एक निवडला गेला, आणि निवडीमागे कारणे भाषेची नव्हती, सत्तेची आणि सोयीची होती, हे तरी या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, भाषणे झाली, आणि रिद्धपूरला मराठी विद्यापीठही उभे राहिले. त्या दर्जासाठी जो पुरावा पुढे करण्यात आला तो महाराष्ट्री प्राकृताचा, शिलालेखांचा, महानुभावांच्या गद्याचा. लेखननियमांचा त्यात काडीचा वाटा नाही. अभिजातपण ज्या मराठीच्या जोरावर मिळाले, ती अनेक तोंडांची मराठी आहे. तिला सन्मान मिळाला म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि तिची लेक वर्गात 'पानी' म्हणाली म्हणून हसायचे, ही दांभिकता आता तरी थांबायला हवी.

काय करता येईल, याचे उत्तर समित्यांवर सोपवण्याची गरज नाही. अभ्यासमंडळांवर आपणच बसतो आणि उत्तरपत्रिका आपणच तपासतो. पहिली गोष्ट, 'प्रमाण मराठी आणि तिच्या बोली' हा घटक उलटा करून 'मराठीच्या बोली आणि त्यांच्यामधून घडवलेले एक लेखी रूप' असा शिकवावा, आणि त्यात १८०५ ते १९७२ हा रचनेचा इतिहास तारखांसह असावा. दुसरी, 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द उत्तरपत्रिकेतून हद्दपार करावेत. लेखन नियमानुसार आहे किंवा नाही, एवढेच म्हणावे आणि त्याचे गुण वेगळे ठेवावेत, म्हणजे वेलांटी चुकली म्हणून विचार कापला जाणार नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, मराठी एम. ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या बोलण्याचे दहा-पंधरा पानांचे वर्णन लिहावे: ध्वनी, सर्वनामे, क्रियापदांची रूपे, आणि त्या बोलीचा शेजारच्या गावाशी असलेला फरक. नंदुरबारच्या मुलाला तेथे सांगण्यासारखे पुष्कळ सापडेल. आणि सदाशिव पेठेतल्या मुलालाही, प्रामाणिकपणे कान लावला तर, आपण घरी बोलतो ती मराठी पुस्तकातली नाही हे त्याच पंधरा पानांत उमगेल. तेथून पुढे दोघे एका बाकावर बसू शकतील.